मेमरी कुणी खाल्ली?

मंडळी, आज जरा पोटापाण्याचा विषय. तांत्रिक आहे, पण घाबरू नका. कर्नल म्हटलं की ज्यांना फक्त मिलिटरीतला कर्नल आठवतो त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण शेवटी प्रश्न पैशांचा आहे आणि थोडासा न्यायाचाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'मेमरी किती वापरली जातेय?' हा प्रश्न आपण आयटीवाले रोज विचारतो. त्याच्या उत्तरावरून नवीन सर्व्हर घेतो, चालू प्रोसेस मारतो, प्रसंगी माणसांनाही बोल लावतो.. आणि हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. 'वापर' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: जागा धरणं, जागेवर बसणं, आणि त्या जागेचा खरोखर उपयोग होणं.

एसटी स्टँड आठवा. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत पडतो. झाली सीट आपली! प्रोग्राम जेव्हा कर्नलकडे एक जीबी मेमरी मागतो तेव्हा नेमकं हेच होतं. कर्नल उदारपणे 'घे' म्हणतो आणि नुसती नोंद करतो. खरी रॅम अजून एक बाईटही दिलेली नसते. 'टॉप' कमांडमध्ये 'व्हर्ट' नावाचा कॉलम दिसतो ना, तो म्हणजे रुमालांची मोजणी. तिथे मशीनमध्ये आहे त्याहून जास्त मेमरी दिसली तरी दचकायचं कारण नाही. रुमाल कितीही टाकता येतात.

पुढे प्रोग्राम त्यातल्या एखाद्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहायला जातो. तिथे पेजच नसल्यामुळे सीपीयू अडतो आणि कर्नलला हाक मारतो. याला म्हणतात पेज फॉल्ट. मग कर्नल खऱ्या रॅममधलं ४०९६ बाईटचं एक पेज काढून देतो. आता माणूस सीटवर बसला. हा 'रेस' कॉलम, म्हणजेच आरएसएस.

आणि तिसरी गोष्ट? माणूस बसला, शेजारच्या सीटवर त्याने आपलं बोचकं ठेवलं आणि झोपी गेला. गाडी भरलेली दिसते. कंडक्टर बाहेरच्या लोकांना 'जागा नाही' म्हणून सांगतो. पण त्या बोचक्याच्या सीटचा उपयोग काय? आपल्या सर्व्हरमध्ये अशी बोचकी किती असतात हे 'टॉप' सांगत नाही. सुरू होताना एकदा वाचलेली कॉन्फिगरेशन, वर्षातून एकदा चालणाऱ्या रिपोर्टची टेबलं, कुणी कधीच न उघडणाऱ्या स्क्रीनचा कोड.. सगळे सीट अडवून बसलेले.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलला तर सगळं माहीत असेल. तो मालक आहे! गंमत तिथेच आहे. कर्नलकडे वही आहे, आणि चांगली जाडजूड आहे. लिनक्समध्ये रॅमच्या प्रत्येक पेजमागे साधारण ६४ बाईटची एक नोंद असते. १६ जीबीच्या मशीनमध्ये ४१,९४,३०४ पेजेस, म्हणजे २५६ एमबी नुसत्या वहीतच गेली! या नोंदीत पेज कुणासाठी आहे, किती जण त्याला धरून आहेत, ते कोणत्या यादीत आहे, हे सगळं असतं. फक्त 'याला शेवटचा हात कधी लागला' ही वेळ मात्र नसते.

कशी असणार? मेमरीला हात लावणं हे सीपीयूचं काम, आणि ते सेकंदाला अब्जावधी वेळा चालतं. दर वेळी कर्नलला विचारत बसलं तर कॉम्प्युटर कासवापेक्षा हळू होईल. म्हणून सीपीयू एवढंच करतो, पेज टेबलमधल्या त्या पेजच्या नोंदीत एक बिट १ करून ठेवतो. ॲक्सेस्ड बिट. एका पेजच्या सगळ्या आयुष्याचा पुरावा म्हणजे हा एक बिट!

आणि तो बिट आपणहून पुन्हा ० होत नाही. म्हणून कर्नल काय करतो, तो बिट पुसतो, थोड्या वेळाने परत येतो आणि बघतो. कपाटातल्या प्रत्येक घडीवर कागदाचा कपटा ठेवावा आणि महिन्याने कोणते कपटे पडलेत ते पाहावं, तसं. जिथला कपटा जागेवर, ते कपडे माळ्यावर टाकायला हरकत नाही. पण जिथला कपटा पडला, तो शर्ट एकदा घातला की तीस वेळा, हे काही कळत नाही.

ही युक्ती आजची नाही. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये मुख्य मेमरी ३२ पेजेसची होती (हो, फक्त बत्तीस!) आणि तरीही प्रत्येक पेजसाठी एक 'वापरला' बिट होता. ठरावीक काळाने ते बिट वाचायचे, पुसायचे आणि त्यावरून कोणतं पेज ड्रमवर हलवायचं ते ठरवायचं. पुढे १९६८ साली पीटर डेनिंग यांनी 'वर्किंग सेट' ही कल्पना मांडली: गेल्या अमुक इतक्या काळात प्रोग्रामने ज्या पेजेसना हात लावला, तीच त्याची खरी गरज. तेवढी रॅममध्ये हवीत, बाकीची नसली तरी चालतं. व्याख्येत 'काळ' आहे हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि बिटच नसेल तर? व्हॅक्स मशीनमध्ये तो नव्हता. तिथे बर्कलीच्या ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी एक जुगाड केला, जो १९८१ साली त्यांनी पेपरात मांडला. पेज जागेवरच असताना टेबलमध्ये खोटंच लिहायचं की 'पेज नाही'. कुणी हात लावला की फॉल्ट होतो, कर्नलला कळतं की अरे, हे वापरात आहे, आणि तो नोंद सुधारतो. खोटं बोलून खरं काढून घेणं. मला हा प्रकार जाम आवडतो :)

तर सांगायचा मुद्दा, कर्नललाही 'वापर' थेट दिसत नाही. तो अंदाज बांधतो. आणि तो अंदाज बऱ्यापैकी नम्रपणे बांधतो. उद्दामपणा आपण करतो, डॅशबोर्डवर '९४%' असा लाल आकडा लावून.

हा आकडा कुणाच्या तरी नोकरीवर बेतू शकतो. मी एका कंपनीत काही महिने कन्सल्टंट म्हणून जात होतो. ३२ जीबीचा डेटाबेस सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेसच्या चाळीस प्रोसेस. कुणीतरी प्रत्येक प्रोसेसचा आरएसएस एक्सेलमध्ये टाकला आणि बेरीज मारली: ८० जीबी! ३२ जीबीच्या मशीनवर ८० जीबी कशी बसली, हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये कुणाला पडला नाही. 'डेटाबेस मेमरी खातोय' असं ठरलं, आणि डेटाबेस सांभाळणारा मुलगा तीन महिने आरोपीच्या पिंजऱ्यात. मी स्वतः जाऊन मोजून दिलं, खरा आकडा नऊ जीबीच्या आसपास निघाला. पण तोवर त्याचं अप्रेझल होऊन गेलं होतं. पुढच्या दिवाळीच्या आत त्याने कंपनी सोडली. चांगला मुलगा होता.

८० चे ९ कसे झाले? अगदी सोपं आहे. पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस एकच मोठा मेमरीचा तुकडा वाटून वापरतात. आरएसएस मोजताना प्रत्येकीच्या नावावर, तिने त्यातल्या जेवढ्या पेजेसना हात लावला तेवढी सगळी पूर्ण लागतात. म्हणजे सोसायटीतल्या चाळीस फ्लॅटवाल्यांना विचारलं 'तुमची लिफ्ट आहे का?' आणि सगळे 'हो' म्हणाले की बिल्डिंगमध्ये चाळीस लिफ्ट आहेत असं धरायचं!

सोसायटीत आपण काय करतो? लिफ्टचा खर्च वापरणाऱ्यांत भागतो. मेंटेनन्स. लिनक्समध्येही हा हिशोब आहे, त्याचं नाव पीएसएस. एक पेज दहा जणांत असेल तर प्रत्येकाच्या नावावर एक दशांश. हा आकडा २००८ च्या सुमारास कर्नलमध्ये आला, आणि २०१७ पासून प्रत्येक प्रोसेसची गोळाबेरीज एका फाईलीत तयार मिळते. म्हणजे वर्षानुवर्षं उपलब्ध आहे. अँड्रॉइडवर तर ॲपची मेमरी पीएसएसनेच मोजण्याची पद्धत पडली, कारण तिथे सगळी ॲप्स एकाच आई-प्रोसेसपासून जन्मतात आणि बरीच पेजेस सामाईक असतात. तरी आपण आरएसएसची बेरीज करतोच आहोत.

अर्थात पीएसएसही सर्वगुणसंपन्न नाही. शेजारचे पाच फ्लॅट रिकामे झाले की तुमचा मेंटेनन्स वाढतो, तुम्ही काही न करता. तसंच इतर प्रोसेस बंद झाल्या की तुमचा पीएसएस वाढतो आणि एखादा हुशार इसम 'मेमरी लीक' म्हणून तिकीट फाडतो. शिवाय पीएसएस सांगतो तोही 'बसलेल्या'चाच हिशोब. बोचकी त्यातही दिसत नाहीत.

दुसरा गुन्हेगार म्हणजे 'रिकामी मेमरी' हे वेड. लिनक्स उरलेल्या रॅममध्ये डिस्कवरच्या फाईलींच्या प्रती ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जावं लागू नये. ही पेज कॅश. मागणी आली की यातलं बरंचसं लगेच सोडता येतं. म्हणजे 'फ्री' कॉलममध्ये जेमतेम ३०० एमबी दिसणारी मशीन प्रत्यक्षात अगदी निवांत असू शकते. हा घोळ इतका झाला की २०१४ साली कर्नलने वेगळा 'अव्हेलेबल' आकडा द्यायला सुरुवात केली: नवीन काम आलं तर स्वॅप न करता साधारण किती देता येईल याचा अंदाज. तरीही आजसुद्धा कित्येक सर्व्हरवर दर तासाला कॅश पुसून टाकणारा क्रॉन जॉब सापडतो. ग्राफ कसा छान खाली येतो! आणि पुढची काही मिनिटं सगळ्या क्वेऱ्या डिस्कवर रांगा लावून उभ्या. गोडाऊन रिकामं दिसावं म्हणून दर तासाला माल रस्त्यावर फेकायचा आणि पुन्हा विकत आणायचा, यातलाच प्रकार. कर्नलच्या स्वतःच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की ही सोय कॅशची वाढ आवरण्यासाठी नाही, टेस्टिंग आणि डीबगिंगच्या बाहेर वापरू नका. वाचतो कोण?

तिसरा गुन्हेगार जरा नवा आणि प्रतिष्ठित आहे. कुबरनेटीस वापरणाऱ्यांनो, तुमच्या डॅशबोर्डवर 'वर्किंग सेट' नावाचा आकडा असतो. नाव डेनिंग यांचं, पण आतला हिशोब? कंटेनरच्या नावावर लागलेली एकूण मेमरी, त्यातून निष्क्रिय यादीतली फाईल-पेजेस वजा. बस्स. यात काळ कुठे आहे? सहा महिन्यांपूर्वी हात लागलेलं हीपमधलं पेजही यात धरलंय, आणि लागलंच तर सोडता येईल अशी सक्रिय यादीतली कॅशसुद्धा. शिवाय दोन कंटेनर एकच फाईल वाचत असतील तर तिची पेजेस जो आधी पोचला त्याच्या खात्यावर, दुसरा फुकट. हॉटेलात बिल पहिल्यांदा खुर्चीवर बसला त्याच्यासमोर ठेवतात ना, तसं. आणि नोडवर मेमरीची टंचाई झाली की कोणत्या पॉडला बाहेर काढायचं ते याच आकड्याकडे बघून ठरतं. आकडा निरुपयोगी आहे असं नाही, पण नावाने तो जे वचन देतो ते पाळत नाही.

बरं, मग खरा वापर मोजायचा कसा? कर्नलवाल्यांनी बरेच प्रयत्न केलेत. २००७ मध्ये एक सोय आली: एका प्रोसेसचे सगळे ॲक्सेस्ड बिट पुसायचे, थांबायचं, आणि किती पेजेसना पुन्हा हात लागला ते बघायचं. अडचण अशी की तेच बिट कर्नल स्वतःही वापरतो, कोणतं पेज बाहेर काढायचं ते ठरवायला. म्हणजे तपास करणारा इन्स्पेक्टरच पुरावा पुसत चाललाय. २०१५ साली दुसरी सोय आली, त्यात बिट पुसताना 'इथे आधी १ होता बरं का' अशी वेगळी खूण कर्नलसाठी ठेवली जाते. पुरावा वाचला. पण ५१२ जीबीच्या मशीनमध्ये तेरा कोटींहून जास्त पेजेस असतात. त्या सगळ्यांमागून फिरायचं म्हणजे निवडणुकीची मतमोजणी दर दोन मिनिटांनी करण्यासारखं.

२०२१ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या 'डेमन'ने यावर शहाणा तोडगा काढला. सगळी पेजेस मोजूच नका. शेजारची पेजेस साधारण सारखीच वागतात असं धरून मेमरीचे विभाग पाडा आणि प्रत्येक विभागातलं एकच पेज तपासा. दोन शेजारी सारखे वागले तर जोडा, आणि मधूनमधून विभाग तोडून पुन्हा पडताळा. एक्झिट पोलच म्हणा, पण रोज स्वतःला दुरुस्त करणारा. मेमरी दुप्पट झाली म्हणून मोजणीचा खर्च दुप्पट होत नाही. आकडा तंतोतंत नसतो, पण निर्णयाला पुरतो. आणि माझ्या मते हाच प्रामाणिक मार्ग आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर असलेला चुकीचा आकडा घेऊन काय करायचंय?

याहून सरळ रस्ताही आहे. वापर मोजण्याऐवजी अडचण मोजा. २०१८ च्या अखेरीस लिनक्समध्ये पीएसआय आलं, फेसबुकच्या योहानेस वायनर यांचं काम. ते सांगतं की गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत मेमरीच्या टंचाईमुळे कामं किती टक्के वेळ खोळंबली. ९४% भरलेली मशीन आणि खोळंबा शून्य? मग झोपा निवांत. ७०% भरलेली आणि तरी खोळंबा १५%? उठा. अँड्रॉइड १० पासून फोनमध्ये कोणतं ॲप कधी बंद करायचं हे ठरवणाऱ्या सेवेलाही हा आधार मिळाला. तेव्हा दर तासाला सगळी ॲप्स अंगठ्याने वर सरकवून 'मेमरी साफ' करणाऱ्या मित्रांनो, अंगठ्याला विश्रांती द्या.

मेटाने तर या खोळंब्याचाच लगाम केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पेपरात त्यांची पद्धत दिली आहे: प्रत्येक कामाची मेमरी हळूहळू दाबत जायची, खोळंबा किंचित वाढला की थांबायचं. जी पेजेस दबली ती बोचकी, ती स्वस्त जागी हलवायची. यातून सर्व्हरची २० ते ३२ टक्के मेमरी वाचली असं ते सांगतात. म्हणजे जगातल्या अतिशय हुशार लोकांच्या सर्व्हरमध्येही पाचातली एक सीट बोचक्यांनी अडवलेली होती! तुमच्या-माझ्या सर्व्हरमध्ये काय असेल, विचार करा.

यावर नेहमीचं उत्तर माहीत आहे मला. 'रॅम घ्या ना अजून, इंजिनियरच्या वेळेपेक्षा स्वस्त पडते.' कधीकधी हे बरोबरही असतं. एकच मशीन असेल तर खरंच डोकं खपवू नका. पण क्लाउडवर मेमरी किलोने मिळत नाही. १६ नंतर थेट ३२ चा खोका येतो, किंमत जवळपास दुप्पट, आणि तो दर तासाला लागतो, दोनशे सर्व्हरना लागतो. तिथे एक दुपार मोजण्यात घालवणं महाग कसं? आणि पैसे सोडा, त्या मुलाच्या तीन महिन्यांची किंमत कोणत्या खात्यात टाकायची?

बरं, मोजमापातही अडचणी राहणारच. मोठी, २ एमबीची पेजेस वापरलीत तर ५१२ छोट्या पेजेसना मिळून एकच बिट. त्यातल्या आठ बाईटना हात लागला तरी अख्खे २ एमबी 'गरम' दिसतात. आणि 'थंड' म्हणजे 'नको' असंही नाही. आग विझवायचा सिलिंडर वर्षभर थंडच असतो. एखादं पेज वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या रात्री लागत असेल, आणि नेमकं तेव्हा ते मिळालं नाही तर अकाउंट्सवाले तुम्हाला सोडणार नाहीत. म्हणून शेवटी डोकं माणसालाच चालवावं लागतं.

पण निदान प्रश्न तरी नीट विचारूया. दोष कुणाचा हे ठरवायचं असेल तर आरएसएसची बेरीज बंद, पीएसएस बघा. मध्यरात्री कुणाला उठवायचं असेल तर टक्केवारीवर नको, खोळंब्यावर उठवा. आणि नवा सर्व्हर मागायच्या आधी एक आठवडा थंड पेजेस मोजा, तो आकडा मागणीच्या मेलमध्ये टाका. मॅनेजर लोकांना आकडे आवडतात, तर निदान बरे आकडे देऊ :)

सोमवारी ऑफिसला गेलात की एवढंच करा: तुमच्या टीमचा मेमरीचा अलर्ट नेमका कोणत्या आकड्यावर वाजतो ते उघडून बघा. रुमालांवर, बसलेल्यांवर, की उभं राहून ताटकळणाऱ्यांवर? आणि तो ज्याने लावलाय त्याला चहा पाजून विचारा, का म्हणून.